चांद्याच्या कुशीवरचा मोर

“पूस,” मानकरी म्हणाले.

ओरडून नाही. ज्या आवाजात माणूस ‘पाणी आण’ म्हणतो, त्या आवाजात. आणि त्यांच्या माणसानं माझ्या हातात ओलं पोतं दिलं.

पोळ्याचा दिवस होता. गावच्या आखरावर, गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, बैल रांगेत उभे होते. वर तोरण, बाजूला वाजंत्री. सगळ्यात पुढं मानाची जोडी, मानकऱ्यांची. सगळ्यात मागं आमचा चांद्या, आणि त्याच्या शेजारी चुलत्याकडून पोळ्यापुरता मागून आणलेला एक बैल. मेडशीच्या पलीकडं आठ-दहा घरांचा आमचा तांडा. एवढ्याशा तांड्याचा वेगळा पोळा कुठून भरणार? आम्ही गावात यायचो, शेवटच्या रांगेत उभं राहायचो आणि तोरण तुटलं की सगळ्यांची धूळ खात मारुतीपर्यंत जायचो.

मी अकरा वर्षांचा होतो. आणि चूक माझीच होती, ते आधीच कबूल करून टाकतो.

मानाच्या जोडीवर नक्षी मीच काढली होती. माझा हात बरा आहे असं गावात झालं होतं, म्हणून मानकऱ्यांनी आदल्या दिवशी वाड्यावर बोलावून घेतलं. गेरू, चुना, नीळ. दोन बैलांच्या कुशीवर दोन मोर काढले. उरलेला रंग डब्यात घेऊन घरी आलो आणि चांद्यावर तिसरा काढला. आता दोन मोर काढून हात साफ झालेला. त्यात चांद्या पांढराशुभ्र. तिसरा मोर असा उतरला की टाळी वाजवली तर उडेल. त्याच्यापुढं मानाचे मोर कोंबड्याच्या नात्यातले वाटायला लागले. सगळ्यात चांगला मोर सगळ्यात मागच्या बैलावर काढू नये, एवढी अक्कल अकराव्या वर्षी नव्हती.

“मानाच्या जोडीवर मोर अन् तांड्याच्या बैलावरही मोर?” मानकरी म्हणाले. “मंग मान कायचा राह्यला? पूस.”

बापू, म्हणजे माझा बाप, कासरा धरून उभा होता. जमिनीकडं पाहत.

मी पोतं चालवलं. आधी मोराचं डोकं गेलं. मग मान. आणि मग मी जे बोललो ते सांगताना आजही माझे कान तापतात. मी वर पाहिलं आणि विचारलं,

“पिसारा पण पुसू काय जी?”

अख्खं आखर हसलं. बाया हसल्या, वाजंत्रीवाले हसले. मला वाटत होतं, काम नीट करावं, अर्धवट ठेवू नये. माझा अपमान पुरेसा झाला की आणखी हवा, हे मी अपमान करणाऱ्यालाच विचारत होतो. वर ‘जी’ लावून.

ओला गेरू पांढऱ्या कुशीवरून ओघळला. कोणी तरी म्हणालं, “बाप्पा, बैल कापला काय रे?” पुन्हा हशा. तोरण तुटलं. पोळा फुटला. चांद्या लाल ओघळ घेऊन मारुतीपर्यंत चालत गेला.

पुढं मी पेंटर झालो. मालेगावपासून मंगरूळपीरपर्यंत दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. मग फ्लेक्स आला आणि माझा ब्रश वाळून खराट्यासारखा झाला. शेवटी मालेगावात एका फ्लेक्सच्याच दुकानात लागलो. काम म्हणजे छापलेला फ्लेक्स चौकटीवर ठोकायचा आणि खांबावर चढवायचा. मोठमोठ्या माणसांच्या चेहऱ्यांच्या कडेनं खिळे ठोकायचे. त्यात एक सुख होतं, खोटं कायले बोलू.

दुकानाच्या मालकाला सगळे भाऊ म्हणत. भाऊंचा भाचा कॉम्प्युटरवर चित्रं काढायचा, हलणारीही. लग्नाच्या पत्रिकेत गणपती सोंड हलवून या म्हणतो, तसली. भाचा पुण्याला निघून गेला. खुर्ची रिकामी पडली. भाऊंनी इकडं तिकडं पाहिलं, तर हातोडी घेऊन मी उभा.

“बस अथी,” भाऊ म्हणाले. “लय सोपं हाय. आपोआप समजते. लहान लेकरूही शिकते.”

बसलो. कोपऱ्यात पेनाचं चित्र होतं. म्हटलं, पेन तर आपल्याला येतं. ते घेतलं आणि रेघ ओढली, तर रेघ येईना. नुसते ठिपके, आणि ठिपक्यांना फुटलेल्या मिशा. तासभर मिशा उपटत बसलो. मग मला एक अफाट कल्पना सुचली. कागदावर पेन्सिलनं झकास बैल काढला, चिकटपट्टीनं स्क्रीनवर चिकटवला आणि त्यावरून माऊस फिरवून गिरवायला लागलो. पण बाण कागदाखाली! दिसेना. मग कागदाला तेल लावलं. बाण दिसायला लागला, अर्धा बैल गिरवून झाला, आणि बोट कुठं लागलं देव जाणे, आतलं चित्र वर सरकलं. कागदावरचा बैल जागेवर आणि आतला बैल छताला.

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. भाऊ डोळे पुसत म्हणाले, “पाहा, तांड्यावरून डायरेक्ट कॉम्प्युटरवर आणलं तं असं होते.”

मीही हसलो. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो. ही माझी जुनी सवय. कोणी हसायच्या आत आपणच आपल्यावर हसून घ्यायचं, म्हणजे लागत नाही. पण लागतं. स्क्रीनवरचं तेल पुसताना हाताकडं लक्ष गेलं. हातात दुकानाचं फडकं होतं. ओलं.

आपोआप समजते म्हणे. कोणाले? ज्यांच्या घरात टेबलावर फायली होत्या, त्यांना फाईलचं चित्र आपोआप समजतं. आमच्या घरात कागद म्हणजे रेशनकार्ड, आणि तेही पत्र्याच्या फटीत खोचलेलं. मला समजलं नाही म्हणून मी मठ्ठ ठरलो. मग ठरवलं, यांच्या वाटेनं समजत नाही ना, आपल्या वाटेनं समजून घेऊ.

ठिपका म्हणजे खुंटी. हे समजलं त्या दिवशी निम्मं काम झालं. आणि मिशी म्हणजे कासरा. खुंटी ठोकायची आणि कासरा धरायचा. उजवीकडं ओढला की रेघ उजवीकडं वळते, ढिला सोडला की ऐसपैस फाकते, दोन्हीकडून हिसका दिला की बिथरते. बैल हाकणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. आठवड्यात माझ्या रेघा वळायला लागल्या. भाच्याला बैलाची मान काढायला चाळीस ठिपके लागायचे. मला पाच.

मग चित्र चालवायची वेळ आली. पहिला बैल मी मोठ्या थाटात चालवून भाऊंना दाखवला. बैल निघाला, पण वशिंड मागंच राहिलं. ते बाकीच्या अंगाला बांधायचंच विसरलो होतो. बैल चालत चालत स्क्रीनबाहेर गेला आणि वशिंड एकटंच मधोमध, शेणाच्या ढिगासारखं.

“बैल गेला अन् वशिंड ठेवून गेला,” भाऊ म्हणाले. “भाड्यानं देतं काय?”

बांधायला शिकलो. आणखी एक सोय सापडली. एक चित्र एकदाच काढायचं, आत एका पेटीत ठेवायचं, आणि हवं तिथं त्याची सावली लावायची. घुंगरू एकदाच काढा, शंभर ठिकाणी लावा. पेटीतलं मूळ घुंगरू लाल केलं की शंभरही लाल. माझ्यासारख्या आळशाला आणखी काय पाहिजे!

पण बैलाची चाल जमेना. शिकवणाऱ्या सगळ्या व्हिडिओंत घोडे आणि कुत्री. रविवारी तांड्यावर गेलो आणि चुलत्याच्या बैलामागं फोन धरून फिरायला लागलो. एक म्हातारा ओट्यावरून म्हणाला, “काहून रे, बैलाचं लगीन जमवून राह्यला काय? फोटो काढतं त्याचे?”

याडी, म्हणजे माझी आई, पाहत होती. आमच्या बोलीत म्हणाली, मी मराठीत सांगतो, “फोन कशाला पाहिजे? मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. पुढचं खूर उचललं की मागचं त्याच ठशावर येतं. ऊसतोडीला जात होतो तेव्हा गाडीमागं हेच पाहत चालत होतास तू. कोसच्या कोस.”

मी तिथंच मातीत बसलो. खरंच की. ही चाल मी शाळेच्या आधी शिकलो होतो. हे ज्या कोणी मला शिकवलं त्याला लोक अडाणी म्हणत आले.

त्या आठवड्यात माझा बैल चालला. पाय टाकताना मान खाली, उचलताना वर, वशिंड अंगावरच, आणि तेही जरासं डुलत. भाऊ हसले नाहीत. खुर्ची ओढून पाहत बसले.

मग पोळ्याच्या आधी गावाकडून काम आलं. थोरले मानकरी आता खाटेवर होते. मान मुलाकडं आला होता. त्यांना दादासाहेब म्हणतात, गावात राजकारण करतात. आखरावर मोठा पडदा लावून हलता पोळा दाखवायचा होता. सगळ्या जोड्या तोरणाखालून जाताना, आणि शेवटी दादासाहेबांच्या शुभेच्छा.

मी काढला. महिनाभर खपलो. सगळ्यात पुढं मानाची जोडी, झुली, बाशिंगं, कुशीवर मोर. रांग सरत सरत शेवटी एक पांढरा बैल, कपाळावर तांबूस चांद. त्याच्याही कुशीवर मोर. तोच. पेटीतला एकच मोर तिघांना लावलेला.

दादासाहेब पाहायला आले. पहिल्यांदा खूश झाले. “वा लेका! बैल जित्ते केले तू.” पुन्हा लावायला सांगितलं. आणि दुसऱ्या वेळी त्यांचं बोट स्क्रीनकडं गेलं.

“हा मांगच्यावर मोर कायले? मोर आपल्याच जोडीवर ठेव. त्याचा पूस.”

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांना काही आठवत नव्हतं. राग नव्हता, डाव नव्हता. बापाचा आवाज जसाच्या तसा पोराच्या गळ्यातून आला होता. पाणी आण.

“पूस रे,” भाऊ म्हणाले. “एका बटनाचं काम.”

आणि मी पुसला. हो. माझी गोष्ट आहे, मीच मोठा वीर असं सांगता आलं असतं. पण बोट आपोआप गेलं. बघा, आपोआप ते हेच. मोर गेला. ओघळ नाही, डाग नाही, पोतं नाही. चांद्याची कूस कोरी करकरीत, जणू तिथं कधी काही नव्हतंच. लाल ओघळ निदान दिसत तरी होता. लोकांना हसायला तरी काही होतं. हे पुसणं कोणाला कळलंही नसतं.

माझ्या तोंडात पुढचा शब्द तयार होता. ‘आणखी काय पुसू जी?’ जिभेवर आला होता. तो मी गिळला. दोन बटणं दाबली. केलेलं मागं घ्यायची बटणं असतात. मोर परत आला.

“नाई पुसत,” मी म्हणालो.

“म्हंजे?”

“एकदा पुसला होता. तुमच्या बाबांनी पुसायले लावला. आखरावर. आता नाई पुसत.”

दादासाहेबांनी डोळे बारीक केले. मग हसले. “अरे, तो पिसारावाला पोट्टा तू! लहानपणची गोष्ट धरून बसला काय?”

“मी धरली नव्हती,” म्हटलं. “तुमीच आता आनून देली.”

भाऊंचा चेहरा उतरला. “मशीन माझं हाय. पुसायचं तं पूस, नाई तं खुर्ची सोड.”

खुर्ची सोडली. हातोडी भिंतीला होती, तीही तिथंच सोडली.

भाऊ स्वतः बसले. इकडं तिकडं दाबत पेटी उघडली. तिथं ‘मोर’ लिहिलेलं दिसलं. काढून टाकला. चांद्याचा मोर गेला. “झालं,” भाऊ म्हणाले. सेव्ह केलं, बंद केलं आणि ऐटीत पुन्हा लावून दाखवलं. तोरणाखालून मानाची जोडी आली. झुली होत्या, बाशिंगं होती. कुशी कोऱ्या.

“आपला मोर कोठी गेला?” दादासाहेब म्हणाले.

शपथेवर सांगतो, मी हे ठरवून केलं नव्हतं. तिघांना पेटीतल्या एकाच मोराची सावली लावली, तो आळस होता. पण दारात उभा राहून मी ते पाहिलं आणि अकराव्या वर्षापासूनचं कोडं सुटलं. मोर एकच होता. त्यांच्या मानावर होता तोही माझाच होता. माझा पुसला की त्यांचा राहत नाही.

“बस, नीट करून दे,” भाऊ म्हणाले, आता जरा मऊ आवाजात.

“मोर राहीन तं तिघांवर, नाई तं कोनावरच नाई.”

दादासाहेब म्हणाले, “लय माजला.”

“हो जी,” मी म्हणालो आणि पायऱ्या उतरलो. हा ‘जी’ मात्र मुद्दाम लावला.

पोळ्याला आखरावरच्या पडद्यावर कुठून तरी उचललेल्या परदेशी गायी चालल्या. गळ्यात घंटा, मागं हिरवे डोंगर. आमच्या बैलपोळ्यात गायी! खाली शेवटच्या रांगेत चुलत्याचा बैल घेऊन मी उभा होतो. त्याच्या कुशीवर मोर. या वेळी गेरू जवसाच्या तेलात घोटला होता. पाण्यानं जात नाही. दादासाहेबांनी पाहिला. त्यांच्या माणसानंही पाहिला. पोतं आलं नाही.

आता मी तांड्यावर बसून फोनवरच काढतो, बोटानं. पोळा पुन्हा पहिल्यापासून. यात पुढं-मागं नाही. सगळे बैल खांद्याला खांदा लावून तोरणाखालून येतात, आणि तोरण तेवढं रुंद ओढलं आहे. रेघ किती ताणायची ते आता माझ्या हातात आहे. मोर सगळ्यांवर आहे, मानाच्या जोडीवरही.

पुढच्या पोळ्याला कोणी पोतं घेऊन आलाच, तर मोर त्यानं स्वतःच्या हातानं पुसावा, सगळ्या आखरादेखत. माझ्या हातात ते पोतं द्यायचं नाही. मी धरणार नाही.