टाके काढायचे राहिले

जतच्या स्टँडवर वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसलो, की डिझेलच्या वासानं मला नेपाळ आठवतं. तिथलं आमचं आरोग्य शिबिर संपलं होतं आणि उरलेल्या सुट्टीत आम्ही दोघे डॉक्टर स्वस्तात पोखरा बघणार होतो. डोंगरावरच्या एका बाईच्या लेकीच्या तळहाताला मी टाके घातले होते, आणि ते काढायला नेमकं आम्ही निघणार त्याच सकाळी बोलावलं होतं. पण पोखऱ्याची जीप लवकर भरली. माझ्याबरोबरचा साताऱ्याचा डॉक्टर मित्र म्हणाला, "थांबूया की गड्या, लय लांबनं येणार हाय ती." मी म्हणालो, "बस रं! ही सुटली तर उद्याच दुसरी. काढंल कोणतरी दवाखान्यात." जवळपास दवाखाना नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. पहिल्याच वळणावर ती दिसली, लेकीला कडेवर घेऊन लगबगीनं उतरत होती. मी ड्रायव्हरला थांबवलं नाही, नुसता हात वर केला. मी निरोप घेतोय असं वाटून ती हसली आणि लेकीचा पट्टी बांधलेला हात धरून तिनं मला टाटा केला. आजही सांगलीत कुणी माझ्या त्या सेवेचं कौतुक केलं, की मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.