दाताची खाच

माझ्या आतेभावाइतका श्रीमंत माणूस मांडव्यापासून आगरदांड्यापर्यंत आजवर झाला नाही, असं आमच्या गावाचं ठाम मत आहे, आणि हे मत बनवण्यासाठी सगळ्यांत जास्त कष्ट आतेभावानेच घेतले आहेत. समोर अख्खा समुद्र पसरलेला असताना त्याने बंगल्यात पोहण्याचा तलाव बांधला. त्यात तो कधी उतरत नाही, कारण त्याला पोहता येत नाही. सोफ्यावरचं दुकानातलं प्लास्टिक अजून तसंच आहे, पाहुणा बसला की ते कुरकुरतं आणि हा समाधानाने म्हणतो, "परदेशी आहे." गाडीला खारी हवा बाधू नये म्हणून तिला रोज गोड्या पाण्याची आंघोळ असते. गावच्या नळाला पाणी नसतं त्या दिवशीही असते. लोक त्याला मनसोक्त शिव्या देतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीला टेकून फोटो काढतात.

हाच माणूस एकेकाळी मुंबईतल्या लग्नांत वाजवून भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचने घरी यायचा, तेव्हा त्याच्या बगलेत टॉवेलात गुंडाळलेलं क्लॅरोनेट असायचं. वडिलांच्या मागे गावच्या बँडमधली त्यांची जागा त्याला मिळाली होती. त्याचा वरचा एक दात वाकडा होता आणि त्या दाताने क्लॅरोनेटच्या तोंडावर एक खाच पाडली होती. "दात खाचेत बसला की सूर आपोआप येतो, दादा," असं तो मला सांगायचा. लाँचमध्ये तो वाजवायला लागला की कोळणी टोपल्या सरकवून त्याला जागा करून देत. तो फार सुंदर वाजवायचा, आणि हे मी भाऊ म्हणून सांगत नाही.

त्याचं नशीब उघडलं ते माशाच्या काट्याने. अलिबागच्या किनाऱ्यावर कुठल्याशा वाहिनीचं शूटिंग होतं आणि मागे वाजवायला आमचा बँड बोलावला होता. मुंबईच्या निवेदकाने कॅमेऱ्याकडे बघत हसत हसत पाल्याचा घास घेतला. पाला हा मासा हसत खायचा नसतो. काटा घशात रुतला, निवेदकाला दवाखान्यात नेलं, आणि वाळूत पडलेला माइक उचलून आमच्या बंधूंनी बँडच्या लाल कोटात पाला कसा खावा यावर प्रवचन दिलं. वाहिनीवाले खूश झाले. आता तो घराघरांत जातो, डोळ्यांवर पट्टी बांधून वासावरून कालवण ओळखतो आणि त्याचे पैसे घेतो.

टीव्हीची भाषा मात्र त्याच्या अंगात मुरली आहे. आत्याने जेवायला वाढलं की "आणि आता बघूया, ताटात काय आलंय," असं तो भिंतीकडे बघून म्हणतो. एकदा गावात कुणाकडे समाचाराला गेला होता. फोन आला म्हणून उठताना त्या घरच्या म्हातारीला म्हणाला, "कुठेही जाऊ नका, परत येतोच." तो थेट मुंबईला गेला. म्हातारी दिवेलागणीपर्यंत ओटीवर बसून होती.

वाहिनीनेच त्याचे दात नवे करून दिले. सरळ, शुभ्र, एका रांगेत. त्या दातांनी तो सगळ्या महाराष्ट्राला आवडला आणि क्लॅरोनेट कपाटात गेलं.

आमच्याकडे शिमग्याला देवीची पालखी घरोघर येते. बँडवाल्याच्या दारात मात्र घरच्या माणसाने स्वतः वाजवायचं, तरच ती थांबते. हा शूटिंगमध्ये अडकायला लागल्यापासून पालखी आत्याच्या दारावरून सरळ पुढे जात होती. आत्या बंगल्यात राहायला गेलेली नाही. दर वर्षी ती जुन्या घराचा ओटा सारवायची, ओटीचं ताट घेऊन उभी राहायची आणि पालखी गेली की ताट आत ठेवायची. मुलाकडे तिने कधी काही मागितलं नाही. एवढंच मागितलं.

यंदा तो आला. येताना दोन मोठे स्पीकर आणि आपल्याच जुन्या वाजवण्याचं रेकॉर्डिंग घेऊन आला. भर दुपारी पालखी दारात आली, स्पीकर सुरू झाले, आणि म्हाताऱ्या गुरवाने हात वर केला.

"बाला, यो पेटीतला आवाज देवीला नको. तू फुकतोस का सांग, न्हायतर आम्ही पुढं जातो."

आतेभावाने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं टीव्हीतलं हसू कुठच्या कुठे गेलं होतं. "दादा, दात खाचेत बसत नाही रे," तो हळूच म्हणाला. "मी घरी करून पाहिलंय."

आत्या आतून क्लॅरोनेट घेऊन आली. तिने ते पदराने पुसलं आणि त्याच्या हातात दिलं. "वाजव बाला. कसा पन वाजव."

त्याने वाजवलं. विहिरीवरचा पंप सुरू होताना जसा कण्हतो तसा आवाज आला. पोरं फिसकन हसली. त्याच्या कपाळावर घाम आला, तरी तो थांबला नाही. तेवढ्यात गुरवाने भोयांना खूण केली आणि त्या बेसूर आवाजावर पालखी नाचायला लागली. आत्याने ओटी भरली. मला समोरचं धड दिसत नव्हतं.

पालखी गेल्यावर आत्या म्हणाली, "तुझ्या बापाचा पन पयल्या वर्षी असाच वाजला होता." आत्याचं लग्न त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालं, तेव्हा हे तिला कसं ठाऊक, असं मी विचारलं नाही.

परवा मांडव्याहून रो-रो बोटीने मुंबईला जाताना खालच्या मजल्यावर त्याची गाडी दिसली. काचा बंद होत्या. आत गाल फुगवून, डोळे मिटून तो क्लॅरोनेट वाजवत होता. मध्येच थांबायचा, जिभेने दात चाचपायचा आणि पुन्हा फुंकायचा. आजूबाजूचे लोक त्याला ओळखून फोन काढत होते. ऐकू कुणालाच काही येत नव्हतं. रेवसच्या लाँचमधल्या कोळणी मला आठवल्या, आणि गाडीजवळ न जाता मी गुपचूप वरच्या मजल्यावर जाऊन बसलो.