कच्चा लिंबू

नाशिक रोडला पत्रकं वाटताना चोर-शिपाई खेळणाऱ्या पोरांतून आरोळी आली, "कच्चा लिंबू!" आणि माझे हात थांबले.

माझ्या लहानपणी कॉलनीत नुकतंच आलेलं आमचं एकच बौद्ध कुटुंब. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदाच चोर झाले होते. पायाखाली तापलेली माती, मानेवर शिपाई झालेल्या मंदाची धाप. इतक्यात गॅलरीतून तिची आई ओरडली, "मंदे, शिवू नकोस तिला!"

मंदाचा हात हवेतच राहिला. "नवीन आहे ती," ती सगळ्यांना म्हणाली, "कच्चा लिंबू!"

आज मी त्या बाईला जाब विचारला असता. तेव्हा शिवणं हा शब्द मला फक्त खेळातला ठाऊक होता. मी नाचतच घरी गेले.

"बाबा, मला कुणीच पकडू शकलं नाही!"

बाबांनी मला उचललं आणि कितीतरी वेळ खाली ठेवलंच नाही.