मोज्याखालचं बोट

"मोजा काढायचा नाही, सांगून ठेवतो! परत पंजा चाटत बसेल कुत्रा," सासरे खुर्चीतूनच ओरडले.

"बाबा, तीन आठवडे झाले. अजून लंगडतोय."

"नख मुळापासून उपटलंय, लंगडणार नाही तर काय नाचेल? गटाराच्या जाळीत अडकलं होतं."

"अडकलेलं तुम्ही पाहिलंत? की तो लंगडला आणि समोर जाळी दिसली?"

नवऱ्याने मध्ये तोंड घातलं. "अगं, गोळ्या चालू आहेत ना?"

"परवाच संपल्या, अहो."

शिलाई मशीनखाली हवालदार पसरला होता. काळाकुळकुळीत, वासराएवढा कुत्रा. पुढच्या उजव्या पायात निळा मोजा: पँटचं उरलेलं कापड, आत मऊ अस्तर, वर नाडी. तिनेच शिवलेला. सासऱ्यांनी तो अख्ख्या गल्लीला दाखवून आणला होता. औषधही तेच लावत, नाडी जरा सैल करून, आत बाटली उपडी करून. आपली कारागिरी इतकी नेटकी, की खाली काय चाललंय हे पाहायचं तिला सुचलंच नव्हतं.

डॉक्टरांनी तर बजावलं होतं. मोठ्या, काळ्या कुत्र्यांना नखाच्या मुळाशी कॅन्सरची गाठ येऊ शकते, आणि सुरुवातीला ती साध्या जखमेसारखीच दिसते. गोळ्यांनी सूज उतरली नाही, तर लगेच एक्स-रे.

बावीस वर्षं ती लोकांची मापं घेत होती. 'मी बारीक झालेय हं,' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाशी तिने कधी वाद घातला नाही. गळ्यातली टेप कमरेला लावली की गिऱ्हाईक आपोआप थंड.

तिने गळ्यातली टेप काढली. खाली बसून कात्रीने नाडीच कापली.

"अगं, अगं!" सासरे उठले.

मोजा निघाला तसा वास आला. बोट टम्म फुगलेलं, नखाच्या जागी लाल, ओलं मांस. टेप टेकताच हवालदारने पाय मागे ओढला. गुरगुरला मात्र नाही. तिने पुन्हा माप घेतलं. मग मापांची वही उघडली. मोजा बेतताना सुजलेल्या बोटाचंही माप लिहून ठेवलं होतं तिने: पावणेतीन इंच.

"आज सव्वातीन," ती म्हणाली.

"केस वाढले असतील," नवरा पुटपुटला. त्याचं त्यालाच पटलं नाही.

सासऱ्यांनी चष्मा लावून टेप पाहिली, मग वही. पुन्हा टेप. "बोट कापतील गं ते," ते म्हणाले. आवाजातला सगळा जोर गेला होता. "चालणार कसा तो?"

"चालतात, बाबा. मी विचारलंय डॉक्टरांना."

ती उठली. मोजा कचऱ्याच्या डब्यात टाकला, हात धुतले.

"उद्या दुकान बंद. नऊ वाजता एक्स-रे काढायचा. बोट काढायला सांगितलं, तर तिथल्या तिथे सही करणार आहे मी."