पाणी न घातलेले पाच दिवस

माझी देवावर श्रद्धा आहे, असं मी चारचौघांत ठासून सांगत असे. त्या जानेवारीत लक्षात आलं, की माझी सगळी भिस्त पाण्याच्या तांब्यावर होती.

माझे यजमान बोटीवर इंजिनियर आहेत. सिंगापूरहून निघून आठ-दहा दिवस झाले असतील, तर कंपनीतून फोन आला, की त्यांना सणकून ताप भरलाय, बोटीवरच औषधं चालू आहेत, बंदर अजून लांब आहे. त्यानंतर बोटीशी संपर्कच तुटला. सॅटेलाइट लिंक डाऊन आहे, काळजी करू नका, हे उत्तर रोज मिळे. असं सांगून कुणाची काळजी कधी थांबली आहे? 

रत्नागिरीहून सासूबाई रडू आवरत म्हणत, "अगं, तुळशीला पाणी चुकवू नकोस हो. तीच त्याला सांभाळील." इथे सिंगापुरात, मरीन परेडला आमच्या बिल्डिंगखाली रहिवाशांची सामाईक बाग आहे, तिथे माझी कुंडी. महिनाभर पावसानं झोडपून काढलं होतं, तरी मी रोज सकाळी एका हातात छत्री धरून तांब्याभर पाणी घालत होते. लोक हसले असतील, हसोत. पानं पिवळी पडून गळू लागली तशी मी दोन तांबे घालायला लागले. तुळस गेली तर हे परत येणार नाहीत, असं एक अभद्र मनात घर करून बसलं होतं. ते बोलायचीही भीती वाटे.

चिनी नववर्षाच्या आदल्या दिवशी पाहिलं तर नुसत्या काड्या उरलेल्या. मी ओल्या कट्ट्यावर बसून हमसाहमशी रडले. जवळच एक चिनी आजी सणासाठी आपल्या संत्र्याच्या झाडाची पानं पुसत होत्या. आमची ओळख मान हलवण्यापुरतीच. त्या उठल्या, माझ्या हातातला तांब्या काढून घेतला, कुंडी आडवी केली आणि तळाच्या बुजलेल्या भोकात काडी खुपसली. काळं, कुजकट पाणी भळाभळा वाहिलं.

"टू मच वॉटर, लाह," त्या इथल्या खास सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या. "फाइव्ह डेज यू डोन्ट डू एनिथिंग. जस्ट वेट."

"आय कान्ट, आंटी. माय हजबंड इज सिक. ऑन द शिप."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "दॅट वन ऑल्सो वेट," त्या हळूच म्हणाल्या आणि कुंडी छपराखाली सरकवून ठेवली.

तुळशीनं निर्जळी धरलीय, अशी मी मनाची समजूत घातली. पण खरं सांगते, काहीच न करण्याएवढं कठीण व्रत मी जन्मात केलं नव्हतं. सासूबाईंना थाप मारली. रोज सकाळी तांब्या भरायचा आणि तुळशीपाशी जाऊन तसाच परत आणायचा. फोन काही वाजत नव्हता.

पाचव्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरात वसंत पंचमी होती. पाऊस उघडला होता. रिकाम्या हातानं खाली गेले आणि वाकून पाहिलं, तर काडीच्या पेरापेराशी मोहरीएवढे हिरवे ठिपके! आनंद झालाच, पण लगेच माझी मलाच लाज वाटली. एवढ्याशा रोपट्यावर मी नवऱ्याचा जीव टांगून ठेवला होता. हात जोडले आणि पहिल्यांदाच काही न मागता म्हटलं, "तुझ्या मनात असेल तसं होऊ दे. काहीही झालं तरी मी उद्या येईनच."

दुपारी फोन वाजला. आवाज खोल गेलेला, पण त्यांचाच होता. बोट बंदराला लागली होती, ताप उतरला होता. मग त्यांनी विचारलं, "तुळशीला पाणी घालतेस ना गं? आई मला विचारेल."

"नाही," मी म्हणाले आणि रडता रडता हसले. "पाच दिवस झाले, थेंबभरसुद्धा नाही."

या सगळ्यात कुणी काय केलं, याचा काथ्याकूट मी करत नाही. त्या आजींना मात्र रोज मनोमन नमस्कार करते. आता सकाळी आधी मातीला बोट लावून बघते. ओली असली तर भरलेला तांब्या घेऊन परत फिरते.