तक्रारदाराने केलेली मोजणी

अंबडच्या न्यायालयातून लिपिक म्हणून मी निवृत्त झालो; अर्ज लिहिण्याची सवय मात्र सुटली नाही. शेजारी विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. त्यांच्या परसात एरंडाच्या वाळक्या पोकळ काड्या, पालापाचोळा आणि जुन्या विटांचा ढीग पाहून माझे डोके तापले. आमच्याकडे कापसाची वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटून पेटवतात. वाळलेले उभे ठेवणे म्हणजे आळस, हे लहानपणीच मनात ठसलेले. परस साफ करवून घ्यावे, असा अर्ज मी नगर परिषदेस दिला आणि त्याची प्रत बाईंना स्वतः नेऊन दिली. चोरून तक्रार करणे मला मान्य नाही.

त्यांनी ती दारातच वाचली.

"'सदर कचऱ्याचा कोणत्याही जिवास उपयोग नाही,' असं लिहिलंय तुम्ही. याला पुरावा काय?"

"पुरावा कशाला? दिसतंय की."

"कोर्टात चाललं असतं का हे, साहेब?"

"मग तुमचा पुरावा दाखवा."

"माझ्यावर तुमचा विश्वास न्हाई. तुम्हीच मोजा."

त्यांनी सारख्या मापाचे दोन वाफे आखून दोन्हींत सब्जा लावला. एकात काड्या व पाला ठेवायचा, दुसरा लख्ख करायचा. कोणता कसा, हे चिठ्ठी टाकून ठरवले. "मी निवडलं तर चांगली जागा लाडक्या वाफ्याला देईन," त्या म्हणाल्या. आपल्याच मेव्हण्याच्या प्रकरणात निःशंक निर्णय देणारे अधिकारी मी पाहिले आहेत.

रोज सकाळी ठरलेल्या वेळी, ठरलेली मिनिटे मी खुर्ची टाकून बसे आणि वाफ्यांत व विटांवर उतरणारा प्रत्येक जीव वहीत नोंदवी. एकदा घनसावंगीला लग्नास गेलो आणि तो दिवस चुकला. आदल्या दिवसाचा आकडा भरू का, असे विचारले.

"मंग ती खोटी साक्ष झाली. रकाना कोरा ठेवा."

पाने गोल कातरून एरंडाच्या काडीत नेणारी इवली माशी मी तेव्हा प्रथम पाहिली. वहीत काड्यांच्या वाफ्याची पाने भरत गेली. मी विजयाची भाषा करू लागताच बाईंनी आवरले. एका परसातले दोन वाफे; इथे असे दिसले, एवढेच म्हणता येईल.

बसस्थानकामागे उघड्यावर प्लास्टिक जळते, त्यावर मी दिलेल्या अर्जांना उत्तर न देणाऱ्या कार्यालयाला माझा हा अर्ज मात्र काही महिन्यांनी सापडला. निरीक्षक मजूर आणि गाडी घेऊन परस साफ करायला आले. मी फाटकात उभा राहिलो.

"काका, अर्ज तुमचा, सही तुमची. आता तुम्हीच आडवे होऊन राह्यले?"

"अर्जदारास आपले म्हणणे दुरुस्त करता येते. पंचनामा करा आणि ही वही जोडा."

निरीक्षकांनी उभ्यानेच वही चाळली. "वाफ्याचं ठीक आहे. विटांपुढं तर सगळे शून्यच."

मोजणीच्या वेळेबाहेरही तेथे काही येत असेल, असा युक्तिवाद मी सुरू केला. सरड्यांसाठी बाईंनी दुखऱ्या गुडघ्याने एकेक वीट वाहून तो ढीग रचला होता. त्यांनीच मला थांबवले.

"विटा नेऊ द्या. तिथं काही आलं न्हाई, हे तुमच्याच अक्षरात आहे."

नोकरीच्या साऱ्या वर्षांत, आपल्याविरुद्ध जाणारा कागद असा शांतपणे पुढे करणारा पक्षकार मी पाहिला नव्हता.

काड्या उपयुक्त असल्याने ठेवाव्यात, असे निरीक्षकांनी लिहिले. बाईंनी तेही बदलायला लावले: काड्यांचा वापर करताना जीव आढळले, सबब ठेवाव्यात. त्याखाली मी अर्जदार म्हणून सही केली, आणि विटा गाडीत भरू लागलो.