कॅमल नावाची शेळी

माझी वहिनी जनावरांशी इंग्रजीत बोलायची. हसू नका. खोडाळ्याच्या पुढे, जिथून एसटी गाठायला तासभर चालावं लागतं अशा आमच्या पाड्यावर, ही बाई कंबरेला पदर खोचून गोठ्याच्या दाराशी उभी राहायची आणि खणखणीत ओरडायची, "हॉर्स, कम! डाँकी, कम!" की दोन बैल मुकाट आत यायचे. त्यातला ढवळा तो हॉर्स, तांबडा तो डाँकी. लांब मानेची शेळी कॅमल, उड्या मारणारी पाट, म्हणजे तरणी शेळी, ती डिअर, कुत्री वुल्फ. उगाच छाती काढून फिरणारा कोंबडा लायन. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पाड्यातली माणसं म्हणाली, पोर गेल्यापासून हिचं डोकं फिरलं.

पोर गेलं होतं ते खरं. आमच्या घरात आम्ही तिघंच, दादा, वहिनी आणि मी. आईबाप मी चौथीत असतानाच गेले, त्यामुळे माझी वेणी घालायची ती वहिनी आणि माझ्या पाठीत धपाटा घालायची तीही वहिनीच. भात-नागली घरात आली, दिवाळी झाली, की ती दोघं भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची. मी शाळेसाठी शेजारच्या काकीकडे राहायची. आदल्या वर्षी वहिनी भट्टीवरच बाळंत झाली. आठ दिवसांचं मूल तिथंच गेलं, तिथंच पुरलं. पावसाआधी ती परत आली तेव्हा महिनाभर कुणाशी धड बोलली नाही. मग एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "त्या मातीवर मी परत पाय नाय ठेवायची." दादा 'बरं' म्हणाला आणि जेवून उठला.

आता पाय ठेवायचा नाही म्हटलं तरी पोटाला काहीतरी पाहिजेच ना! पाड्याच्या अंगणवाडीतल्या बाई पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या. जागा पाड्यातल्याच बाईला मिळणार होती, पण दहावी पास हवी. तेव्हा दहावी पुरायची. पाड्यात दहावीपर्यंत पोचलेली बाई एकच, आमची वहिनी, आणि तिचं सगळं निघालं होतं, फक्त इंग्रजीत गाडी अडली होती. लग्नाआधी दोनदा आपटली होती. तिने पुन्हा फॉर्म भरला, जव्हारला जाऊन गाईड आणलं, आणि त्या वर्षी दिवाळीनंतर दादा एकटाच भट्टीवर गेला. निघताना म्हणाला, "तू पास हो. मी पाडतो दोघांच्या विटा."

खोडाळ्याच्या आमच्या सरांनी तिला सांगितलं होतं, व्याकरणाच्या नादी आता लागू नका, शब्द पाठ करा. गाईडमध्ये प्राण्यांची चार पानं होती. कोणाचं पिल्लू काय, कोण कसं ओरडतं, कोण कुठे राहतं. ते हमखास मार्कांचं, असं सर म्हणाले. वहिनीने ती पानं फाडून वेगळी केली आणि चुलीमागच्या कुडाला खोचली. पण पाठांतर म्हणजे तिचा वैरी. रात्री म्हटलेलं सकाळी सफाचट. शेवटी वैतागून एक दिवस तिने शब्द घेतले आणि सरळ जनावरांना वाटून टाकले.

मी नववीत होते, म्हणजे स्वतःला फार शहाणी समजत होते. म्हटलं, "वहिनी, शेळीला कॅमल काय म्हणतेस! पेपरात चुकशील." तर मलाच म्हणते, "शेळीला गोट म्हणतात ते मला येतंय गं. जे आपल्याकडे हाय ते कशाला पाठ करायचा? जे नाय, ते कुठंतरी बांधायला पाहिजे. शब्दाला दावं लागतं, नायतर सुटून जातो." बोला आता! आणि खरंच, महिनाभरात त्या चार पानांतलं एकही जनावर सुटं राहिलं नाही. घुबड, शहामृग, कासव, सगळी आमच्या कोंबड्यांच्या खुराड्यात कोंबली होती. पिल्लांची नावंही तशीच. कॅमलची करडं म्हणजे काफ, वुल्फची पिल्लं म्हणजे कब. ती धारेला बसली की मी गाईड धरून विचारायची आणि ती मान वर न करता उत्तरं द्यायची. शब्द आठवला नाही की त्या जनावराकडे बघायची. ते तिच्याकडे बघायचं. आणि शब्द यायचा!

दादालाही तिने सोडलं नाही. फोनला रेंज फक्त वरच्या टेकाडावर. रविवारी आम्ही दोघी तिथे जाऊन त्याला फोन लावायचो. एकदा तिने त्याला सांगितलं, "तुमचं नाव मी बेअर ठेवलंय." तो म्हणाला, "ते काय असतं?" "हुशार जनावर असतं एक." फोन ठेवल्यावर ती पोट धरून हसली, मला म्हणाली, "घोंगडी घेऊन निजतो तेव्हा अस्वलच दिसतो बाय." त्या वर्षी ती हसलेली मला तेवढीच आठवते. पिल्लांच्या तक्त्यात पहिलीच ओळ होती, 'मॅन, बेबी'. ती ओळ मी एकदाच विचारली. "ती मला येते," असं म्हणून तिने माझ्या हातातून गाईड काढून घेतलं.

फेब्रुवारीत फोन आला. मुकादमाचा, काकीच्या मुलाकडे. दादाचा ताप उतरत नव्हता, डोळे पिवळे झाले होते. दवाखान्यात न्यायला, भाताची पेज करून द्यायला कोणीतरी माणूस पाठवा म्हणाला. पाड्यातलं एक नवरा-बायकोचं जोडपं दुसऱ्या दिवशी त्याच भट्टीवर निघालं होतं, म्हणजे सोबत होती. वहिनीच्या पेपरला सोळा दिवस राहिले होते.

ती माझ्यापाशी येऊन बसली. मी पायाला चाळ बांधून बघत होते. "बाय," म्हणाली, "तू जाशील का? पेज तुला येते करायला. चार दिवसांत तो उठेल, मग घेऊन ये."

मी म्हटलं, "शनिवारी गॅदरिंग आहे. माझा नाच आहे ना."

हेच म्हटलं मी. आजारी भाऊ, सोळा दिवसांवर पेपर, आणि जिथे पोर पुरलं त्या जागेवर परत पाय न ठेवण्याची घेतलेली आण, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी म्हटलं. लहान होतीस, कळत नव्हतं, असं लोक म्हणतात. अहो, कळत होतं सगळं! जायचं नव्हतं, एवढंच.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "हां, खरंच की, तुझा नाच," असं म्हणाली आणि उठून पिशवी भरायला लागली. दोन लुगडी, गाईड, कुडातली ती चार पानं, हॉल तिकीट. सकाळी निघताना मला गोठ्यात नेऊन प्रत्येक जनावराचं नाव माझ्याकडून म्हणवून घेतलं. "रोज ह्याच नावांनी हाक मार हां. नायतर ती विसरतील नि माझा पेपर जाईल." उतारावरच्या सागांपर्यंत मी तिला बघितली. ती भरभर चालत होती, मागे वळली नाही.

शनिवारी मी नाचले. पहिला नंबर आला, स्टीलचा डबा मिळाला. तो डबा अजून फडताळात आहे. त्यात कोणी काही ठेवत नाही.

दादा पाचव्या दिवशी उठून बसला आणि सहाव्या दिवशी वहिनी आडवी झाली. त्याच तापाने. दवाखान्यात नेईपर्यंत तिची शुद्ध गेली होती. इतक्या लांब तिला आणणार कशी, म्हणून तिथंच सगळं उरकलं. दादा एकटाच घरी आला, हातात तिची पिशवी. मी तिला गेलेली पाहिलीच नाही. मी पाहिलं ते एवढंच, की ती उतार उतरली. आजही संध्याकाळी त्या सागांकडे नजर गेली की मला वाटतं ती येणार. आणि आली तर पहिलं काय विचारेल, तेही मला माहीत आहे. इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी मी केंद्राच्या फाटकाबाहेर घंटा होईपर्यंत उभी होते. कशाला, ते विचारू नका.

घरात त्यानंतर इंग्रजी बंद झालं. माझ्या तोंडून ती नावं निघेनात. ढवळ्या म्हटलं की ढवळ्या जागचा हलत नव्हता, काठी लावावी लागायची. शेळ्या तर तिन्हीसांजेला आपणहून अंगणाच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहायच्या, सगळ्यांची तोंडं उताराकडे. मी ओढून आणायची, त्या पुन्हा जायच्या. कॅमल सगळ्यांत हट्टी. काकी म्हणाली, मुक्या जीवाला काहीतरी दिसतं, दारात राख टाक, म्हणजे ते आत येत नाही. मी टाकली. रोज टाकायची. मला ती यावी असं वाटत होतं की येऊ नये असं, ते अजून सांगता येत नाही.

पावसाच्या तोंडावर एकदा मी पाणी घेऊन येत होते. गोठ्यामागून आवाज आला, "हारस... डांकी... क्यामल... लायान..." दादा. ज्याला सही सोडून काही येत नाही तो माझा भाऊ, तिने फोनवर रविवारी रविवारी ऐकवलेली नावं एकेक करून उच्चारत होता. आणि ती येत होती. बैल आले, शेळ्या दावी तोडत आल्या, कोंबड्या पायात आल्या. तो त्यांच्यामध्ये उभा होता, हात खाली सोडून. "आली का सगळी?" असं त्याने विचारलं. कोणाला विचारलं कोण जाणे. मी हंडा डोक्यावर घेऊन तशीच मागे फिरले.

मी दहावी तिच्याच गाईडवर केली. पानं झटकली की लाल माती पडायची. पेपरात पिल्लांची नावं आली. 'कब' लिहिताना मला लांडग्याचं पिल्लू दिसलं नाही, आमच्या कुत्रीचं दिसलं, पण मार्क मिळाले. बारावी झाली. पाड्याच्या अंगणवाडीत मधली काही वर्षं दुसरीकडची बाई येऊन गेली, मग जागा निघाली आणि मी सेविका झाले. ज्या खुर्चीसाठी तिने शेळीला कॅमल केलं, त्या खुर्चीवर मी बसते. पोरांना भिंतीवरचा तक्ता शिकवते. उंटावर काठी ठेवली की माझी नजर दाराबाहेरच्या शेळ्यांकडे जाते, मग पोरंच ओरडतात, "कॅमल!"

इतक्या वर्षांत दादाने मला एका शब्दाने विचारलं नाही. तू का गेली नाहीस, असं पाड्यातही कोणी म्हटलं नाही. मला वाटायचं, कोणाला ठाऊकच नाही. ते पोटात ठेवून मी जगत होते. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी अंगणात दादा दावं वळत बसला होता, मी जेवणाचा डबा भरून निघाले होते, आणि काय झालं कोण जाणे, उभ्या उभ्या बोलून गेले. "दादा, तेव्हा वहिनीने आधी मला विचारलं होतं. मी नाही म्हटलं."

त्याचे हात थांबले नाहीत. "ठाऊक हाय. तिनंच सांगितला."

"काय म्हणाली?"

त्याने दाव्यात नवा पेड घातला. मग म्हणाला, "ताप चढला होता तिला. म्हणाली, बेस झालं बाय नाय आली. ती आली असती तर आज हितं ती निजली असती." दाव्याचा पीळ ओढून बघत तो पुढे म्हणाला, "तुला नको सांगू म्हणाली होती."

"मग आज का सांगितलंस?"

"तू विचारलंस म्हणून."

तो उठून शेळ्या सोडायला गेला. मी तिथेच अंगणात खाली बसले. दहा वाजता अंगणवाडी उघडायची होती, पोरं दाराशी येऊन थांबली असणार. त्या दिवशी मी ती उघडली नाही.